आलेखाचा ओळंबा

पुण्याच्या शिवाजीनगर भागांतील वेधशाळेच्या जुन्या इमारतीस पुणेकर अद्यापहि शिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आलें आणि १९४४ सालीं दिल्लीस गेलें. ठाणें गेलें, पण शिमल्याचें नांव चौकासह येथेंच राहिलें. अशा वेधशाळांतून एक काम वर्षानुवर्षें निमूटपणें चालत आलेलें आहे. घड्याळाच्या यंत्रावर मंद गतीनें फिरणारें एक नळकांडें, त्यावर गुंडाळलेला आंखीव कागद, आणि कागदास हलकेच टेकलेला शाईचा टांक. हवेचा दाब वाढला कीं टांक वर सरकतो, दाब उतरला कीं तो खालीं येतो. आठवडा संपला कीं कागद सोडवून घ्यावयाचा. त्यावर एक नागमोडी रेघ उमटलेली असते. हें काम आतां पुष्कळ अंशीं विजेच्या यंत्रांकडे गेलें आहे. तथापि त्या रेघेचें शास्त्र बदललेलें नाहीं, आणि शाळेंतील मुलगा गणिताच्या वहींत जो आलेख काढतो त्याचेंहि शास्त्र हेंच आहे.

त्या मुलास परीक्षेंत एक प्रश्न हटकून येतो. एक आकृति दिलेली असते आणि विचारलेलें असतें कीं, हा आलेख फलाचा आहे किंवा नाहीं? पुष्कळ विद्यार्थी एक उभी रेघ मारतात, ती आकृतीस दोनदां छेदते कीं काय हें पाहतात, आणि उत्तर लिहून मोकळे होतात. उत्तर बहुधा बरोबर येतें. पण ही रेघ उभीच कां, आडवी कां नाहीं, आणि दोनदां छेदली म्हणून बिघडलें काय, असें त्यांतील चौघांस विचारावें, तर तिघे तरी गप्प राहतील. रँग्लर परांजप्यांस डोक्यावर घेणाऱ्या शहरांत इतकें मौन शोभत नाहीं.

नभोवाणीवर आकृति दाखवितां येत नाहीं, ही अडचण खरी. परंतु या विषयांत ती फारशी बाधत नाहीं; श्रोत्यांनीं एक कोरा कागद जवळ ठेवला म्हणजे झालें.

प्रथम फल म्हणजे काय तें पाहावें. एका राशीची किंमत ठरली असतां दुसऱ्या राशीची किंमत जेव्हां निःसंदिग्धपणें ठरते, तेव्हां दुसरी राशि ही पहिलीचें फल आहे असें गणिती म्हणतो. सोमवारीं सकाळीं साडेआठ वाजतां वेधशाळेंत दाब किती होता, या प्रश्नास उत्तर एकच असतें. एकाच क्षणीं, एकाच जागीं, दाब दोन असूं शकत नाहींत. म्हणून दाब हा वेळेचें फल होय. येथें सारा भर ‘एकच’ या शब्दावर आहे. उत्तर कसें काढलें, सूत्रानें काढलें, कोष्टकांतून वाचलें कीं यंत्रानें टिपलें, याला महत्त्व नाहीं.

ही गोष्ट मोठमोठ्यांसहि एकदम दिसली नव्हती. ऑयलरनें १७४८ सालच्या ग्रंथांत फल म्हणजे राशींचें एखादें बैजिक सूत्र, अशी कल्पना मांडली होती, आणि एकाच फलास अनेक किंमती असणें त्याला वावगें वाटत नव्हतें. पुढें १८३७ सालीं डिरिश्ले या जर्मन गणित्यानें सूत्राचा आग्रह सोडला आणि प्रत्येक क्षला एक ठराविक य असला म्हणजे पुरे, मग नियम लिहितां येवो वा न येवो, असें सांगितलें. आज शाळेंत शिकवितात ती व्याख्या याच विचाराची. सूत्र सुटलें तेव्हांच वेधशाळेंतील टांकानें काढलेली रेघ आणि गणित्यानें काढलेली रेघ एका पंक्तीस बसल्या; कारण टांकाला सूत्र ठाऊक नसतें.

आतां ओळंब्याकडे वळावें. गवंडी भिंत रचतांना दोरीच्या टोंकास वजन बांधून ती सोडतो आणि भिंत सरळ आहे कीं कलली आहे तें पाहतो. आलेखासहि तसाच ओळंबा लावावयाचा. कागदाच्या आडव्या अक्षावर वेळ, किंवा गणित्याच्या भाषेंत क्ष. उभ्या अक्षावर दाब, म्हणजे य. आडव्या अक्षावरील एका ठिकाणीं ओळंबा सोडला म्हणजे त्या दोरीवरील प्रत्येक बिंदूचा क्ष एकच असतो. दोरी वक्रास जितक्या ठिकाणीं भेटेल तितक्या किंमती त्या एका क्षला मिळाल्या. एके ठिकाणीं भेटली, तर उत्तर एक. दोन ठिकाणीं भेटली, तर उत्तरें दोन. आणि मग तें फल नव्हे. उभ्या रेघेंत जादू नाहीं. ती रेघ म्हणजे ‘या क्षणीं किती?’ हा प्रश्नच होय, फक्त दोरीच्या रूपानें टांगलेला.

येथें दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ओळंबा एकाच जागीं सोडून भागत नाहीं; तो डावीकडून उजवीकडे सर्व जागीं फिरवावा लागतो, आणि एके ठिकाणीं जरी दोन भेटी झाल्या तरी निकाल विरुद्ध जातो. उलटपक्षीं, कांहीं जागीं दोरी वक्रास मुळींच भेटली नाहीं तर त्यांत दोष नाहीं. टांकांतील शाई रात्रीं वाळली आणि सकाळपर्यंत रेघ उमटली नाहीं, तर तेवढ्या वेळांत आलेख मुका आहे इतकेंच. तो खोटें बोलत नाहीं.

श्रोत्यांनीं कागदावर एक बांगडी ठेवून तिच्याभोंवतीं पेन्सिल फिरवावी. वर्तुळ तयार झालें. त्याच्या मधोमध ओळंबा सोडला तर तो वर एकदां आणि खालीं एकदां असा दोनदां भेटतो. वर्तुळाची त्रिज्या ५ असेल आणि केंद्र अक्षांच्या छेदनबिंदूवर असेल, तर क्ष ३ असतांना य ४ हि होतो आणि उणे ४ हि होतो. म्हणून वर्तुळ हें फलाचा आलेख नव्हे. त्याची वरची अर्धी कमान मात्र फलाचा आलेख आहे, आणि खालचीहि आहे, पण दोन्ही मिळून नाहींत. याचें मूळ वर्गमुळांत आहे. धन संख्येस वर्गमुळें दोन असतात, एक धन व एक ऋण, हें भास्कराचार्यांनीं बीजगणितांत इसवी सनाच्या बाराव्या शतकांत नोंदून ठेविलेलें आहे. वर्गमुळास फल करावयाचें तर दोहोंपैकीं एक निवडावें लागतें, आणि गणित्यांनीं संकेतानें धन तें निवडलें. हा निसर्गाचा नियम नसून एक समजूत आहे, असें मुलांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. तें बहुधा सांगितलें जात नाहीं.

डोंगरांचीं रूपें पाहिलीं तरी हाच भेद दिसतो. पर्वतीची आभाळावर उठलेली कडा पाहावी: कोठूनहि दोरी खालीं सोडली तरी ती कडेस एकदांच भेटते. उलट हरिश्चंद्रगडचा कोंकणकडा आंतून पोखरल्यासारखा वळलेला आहे. माथ्याच्या कडेवरून सोडलेली दोरी अधांतरीं लोंबते आणि तिच्या मागें कडा आंत गेलेला असतो. त्या कड्याच्या छेदाची आकृति कागदावर काढली तर उभी रेघ तिला एकाहून अधिक ठिकाणीं छेदील. पर्वतीची उंची हें अंतराचें फल आहे, कोंकणकड्याची नाहीं.

आडव्या रेघेचा घोळ मात्र बराच जुना आहे. दिवसाच्या तपमानाचा आलेख काढला तर सकाळीं दहास जें तपमान असेल तेंच रात्रीं केव्हां तरी पुन्हां येतें. दाबाची तर आपल्या प्रदेशांत याहून मौज आहे. उष्ण कटिबंधांत हवेचा दाब दिवसांतून दोनदां भरतो व दोनदां ओसरतो. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास भरती, दुपारीं व पहांटे चारच्या सुमारास ओहोटी. पुण्याच्या कागदावर हे हेलकावे शांत हवेच्या दिवसांत इतके नियमित उमटतात कीं त्यांवरून घड्याळ लावावें. एक आडवी रेघ अशा वक्रास दिवसाकाठीं चार वेळां छेदूं शकते. म्हणून तें फल नव्हे काय? अवश्य आहे. एकच दाब चार वेळां येण्यास कोणाची हरकत नाहीं. एका वेळीं चार दाब येण्यास आहे. आडवी रेघ वेगळाच प्रश्न विचारते: ‘दाब इतका होता, तर वाजले किती होते?’ त्या प्रश्नास चार उत्तरें आहेत. म्हणजे दाबावरून वेळ ठरत नाहीं. उलट वाट बंद आहे, सरळ वाट खुलीच आहे.

रेल्वेच्या आलेखांत हा फरक आणखी ठसठशीत दिसतो. पुणें व मुंबई यांमध्यें डेक्कन क्वीन ही गाडी १ जून १९३० रोजीं सुरू झाली. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पुण्यापासूनचें अंतर घेऊन तिचा प्रवास काढावा. गाडी लोणावळ्यास उभी असतांना रेघ आडवी जाते, पुढें पुन्हां चढूं लागते. ही रेघ कोठेंहि अगदीं उभी होणें शक्य नाहीं. तसें झालें तर गाडी एकाच क्षणीं कर्जतलाहि आहे आणि कल्याणलाहि आहे असा अर्थ होईल. आतां कागद फिरवून अक्षांची अदलाबदल करावी: अंतर आडवें, वेळ उभी. लोणावळ्याचा थांबा आतां उभा तुकडा झाला. ‘गाडी लोणावळ्यास होती तेव्हां वाजले किती?’ या प्रश्नास उत्तर एक नाहीं. जितके क्षण ती तेथें उभी होती तितकीं उत्तरें. गाडी तीच, रेघ तीच, पण निकाल बदलला. म्हणून आकृति पाहून निकाल देण्याआधीं कोणती राशि कोणत्या अक्षावर आहे हें वाचलें पाहिजे.

हवामानशास्त्रज्ञ तर येथें एक खोडी करून ठेवितात. फुग्याबरोबर यंत्र वर पाठवून निरनिराळ्या उंचींवरील तपमान टिपलें म्हणजे ते उंची उभ्या अक्षावर मांडतात आणि तपमान आडव्या. उंची उभी दाखवावी हें डोळ्यांस स्वाभाविक वाटतें खरें. पण येथें ठरविणारी राशि उंची आहे आणि ठरणारी तपमान. थंडींतील निरभ्र पहांटे पुण्याच्या खोलगट भागांत गार हवा सांचून बसते आणि कांहीं उंचीपर्यंत वर जावें तसतसें उलट ऊब वाढत जाते. चुलींचा व शेकोट्यांचा धूर वर न जातां सपाट पसरतो तो यामुळेंच. त्या दिवशींच्या आलेखांत वक्र आधीं उजवीकडे जातो आणि मग डावीकडे वळतो. उभा ओळंबा त्यास दोनदां भेटतो, आणि घाईचा विद्यार्थी तो नापास करतो. वस्तुतः तेथें ओळंबा आडवा धरावयाचा असतो. आडवा धरला कीं प्रत्येक उंचीस तपमान एकच मिळतें.

याहूनहि चमत्कारिक प्रकार त्या नळकांड्यावरील कागदाचा आहे. ज्यांनीं तो जवळून पाहिला असेल त्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, त्यावरील वेळेच्या रेघा सरळ उभ्या नसतात. धनुष्यासारख्या वांकलेल्या असतात. छापणाऱ्याची ती चूक नव्हे. टांक एका लांब दांडीच्या टोंकास असतो आणि दांडी दुसऱ्या टोंकास खिळीभोंवतीं फिरते. म्हणून टांक वरखालीं होतांना सरळ रेषेंत न जातां वर्तुळाच्या कमानींत जातो. नळकांडें क्षणभर थांबवून दाब बदलला असता तर टांकानें कमानच काढली असती. तेव्हां त्या कागदावर ‘एकच वेळ’ म्हणजे सरळ उभी रेघ नव्हे, ती कमान होय.

तपमान टिपणाऱ्या यंत्राचा कागदहि याच जातीचा. वैशाखांत दुपारीं पुण्यावर वळीव कोसळतो, थंड वाऱ्याचा झोत येतो, आणि तपमान कांहीं मिनिटांत कित्येक अंश उतरतें. टांक झपाट्यानें खालीं येतो, आणि तेवढ्या वेळांत नळकांडें जेमतेम सरकतें. उमटलेली रेघ जवळजवळ कमानीसारखीच वांकलेली असते. त्यावर पट्टी सरळ उभी धरली तर ती रेघेस दोन ठिकाणीं छेदील, आणि असें भासेल कीं पुण्यांत त्या क्षणीं दोन तपमानें होतीं. पट्टी बाजूला ठेवून कागदावर छापलेली कमानच ओळंबा म्हणून वापरली तर प्रत्येक कमान रेघेस एकदांच भेटते. सरळ रेघ हें या परीक्षेचें मर्म नसून ‘एकच क्षण’ हें मर्म आहे, याचा याहून चांगला पुरावा पाठ्यपुस्तकांत सांपडणें कठीण.

पाऊस टिपणाऱ्या यंत्रांत टांक सरळ वरखालीं जातो. पाणी भांड्यांत सांचत जातें, त्यावरील तरंगी वर उचलली जाते, तिच्याबरोबर टांक चढतो; १० मिलिमीटर पाऊस भरला कीं वांकड्या नळीवाटे भांडें आपोआप रिकामें होतें आणि टांक शून्यावर येऊन पडतो. हें रितें होणें कांहीं सेकंदांचें काम. नळकांडें चोवीस तासांत एक फेरा करीत असल्यामुळें तेवढ्या वेळांत कागद डोळ्यांस कळेल इतकाहि सरकत नाहीं, आणि पडतांनाची रेघ अगदीं उभी दिसते. ती परीक्षेंत नापास होते काय? कागदावर पाहिली तर होते. पण टांक खरोखर एका क्षणीं दोन ठिकाणीं नव्हता. कागदाचें माप इतकें बारीक नाहीं कीं त्या सेकंदांना वेगळें दाखवील. गणिती असा प्रसंग आला कीं उभी रेघ काढीतच नाहीं. तो वरचें टोंक पोकळ टिंबानें आणि खालचें भरीव टिंबानें दाखवितो. भरीव टिंब म्हणजे ‘या क्षणींची किंमत ही’, आणि पोकळ म्हणजे ‘येथवर आलें, पण येथें नाहीं’. दोन्ही टिंबें भरीव असलीं तर मात्र खरोखरच दोन उत्तरें झालीं. परीक्षेंत या टिंबांकडे दुर्लक्ष करून गुण घालविणारे विद्यार्थी थोडे नाहींत.

आणि एखादे दिवशीं कागद बदलावयाचा राहिला तर? नळकांडें आपलें फिरतच राहतें आणि दुसऱ्या दिवसाची रेघ पहिल्या दिवसाच्या रेघेवरून जाऊं लागते. एका सात वाजण्याच्या खुणेवर आतां दोन किंमती आहेत. हा आलेख फलाचा राहिला नाहीं. आणि कारण उघड आहे, कागदानें सोमवारचे सात व मंगळवारचे सात यांस एकच मानलें.

आतांपर्यंतचे घोटाळे कागदाचे किंवा अक्षांचे होते. नदीच्या बाबतींत मात्र घोटाळा खुद्द निसर्गांतच असतो, आणि तेथें त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. पुराच्या वेळीं नदींतून दर सेकंदास किती पाणी वाहतें हें प्रत्यक्ष मोजणें फार अवघड. पातळी मोजणें सोपें. पुलाच्या खांबावर रंगविलेली पट्टी वाचली कीं झालें. म्हणून इंजिनियर शांत दिवसांत निरनिराळ्या पातळींना प्रवाह मोजून ठेवितात, त्यांचा एक वक्र काढतात, आणि पुढें नुसत्या पातळीवरून प्रवाह वाचतात. हा सारा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे: प्रवाह हा पातळीचें फल आहे.

पूर जलद चढत असतांना हें गृहीत ढळतें. पाण्याची लाट वरून येत असते, त्यामुळें पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार नेहमींपेक्षां अधिक असतो आणि पाणी अधिक वेगानें धांवतें. पूर ओसरतांना उतार कमी होतो आणि वेगहि कमी. परिणाम असा कीं, पट्टीवर तीच खूण दिसत असतांना चढत्या पुरांत प्रवाह अधिक असतो आणि उतरत्या पुरांत कमी. पातळी आडवी व प्रवाह उभा घेऊन साऱ्या पुराचा आलेख काढला तर एक रेघ न येतां फांस तयार होतो. चढतांना वरच्या वाटेनें, उतरतांना खालच्या. ओळंबा फांसास दोनदां भेटतो. इतकेंच नव्हे, तर प्रवाहाचा कळस पातळीच्या कळसाच्या आधींच येऊन जातो. उताराच्या डोंगरी ओढ्यांत हा फांस बारीक असतो. संथ उताराच्या नदींत आणि झपाट्यानें चढणाऱ्या पुरांत तो रुंदावतो.

शांत दिवसांचा वक्र या फांसाच्या मधून जातो. म्हणजे ज्या वेळीं पाणी चढत आहे आणि निर्णय तांतडीनें घ्यावयाचा आहे, नेमका त्या वेळीं तो वक्र प्रवाह कमी सांगतो. हा फरक कोणत्या शहराला कळावा हें पुण्यास सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि फोडलें, आणि मुठेचें पाणी पेठांतून शिरलें. तसल्या लोंढ्यांत पट्टीवरील आंकडा पाहून प्रवाहाचा अंदाज करणारा मनुष्य एका प्रश्नास दोन उत्तरें असलेल्या कागदावर बोट ठेवीत असतो.

यावर उपाय फांस पुसून टाकणें हा नव्हे. पाण्याच्या अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठीं मुंबई इलाख्याच्या काळांत, १९१६ सालीं, सुरू झालेली संशोधनशाळा आज खडकवासल्यास केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून नांदत आहे. नद्यांचा अभ्यास करणारे लोक करतात तें असें: नदीकांठीं एकाऐवजीं दोन पट्ट्या रोवावयाच्या, एक वर व एक कांहीं अंतर खालीं, आणि दोन्ही एकाच वेळीं वाचावयाच्या. दोन पातळींतील फरकावरून उतार कळतो. चढत्या पुरांतील खूण व उतरत्या पुरांतील खूण पातळीनें एक असली तरी उतारानें वेगळी असते. मग प्रवाह हा एकट्या पातळीचें फल न राहतां पातळी व उतार या दोहोंचें मिळून फल होतो. कागदावरचा फांस मोकळा होऊन पातळी, उतार व प्रवाह अशा तीन अक्षांमध्यें पसरलेल्या एका पत्र्यावर जाऊन बसतो, आणि खालच्या जमिनीवरील कोणत्याहि बिंदूंतून उभी केलेली दोरी त्या पत्र्यास एकाच ठिकाणीं लागते.